मधलीं पावणेचार वर्षें

इतिहासाच्या तासास आम्ही एकदां ॲडमिरल सर बर्ट्रम रॅम्से यांच्या आयुष्याची सनावळी फळ्यावर मांडीत होतों. १८८३ सालीं जन्म. १८९८ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, ब्रिटिश आरमाराच्या 'ब्रिटानिया' ह्या शिकाऊ जहाजावर प्रवेश. पहिल्या महायुद्धांत डोव्हरच्या सामुद्रधुनींत गस्त घालणाऱ्या ताफ्यांत 'ब्रोक' ह्या विनाशिकेचें आधिपत्य. १९३५ सालीं रिअर-ॲडमिरल. त्याखालीं आम्हीं लागलीच '१९४०, डंकर्क' असें लिहिलें. तोंच मागच्या बांकावरून एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, मधल्या वर्षांत ते काय करीत होते?"

"घरीं बसले होते," असें आम्ही म्हणालों, वर्गांत हंशा पिकला, आणि आम्ही पुढें गेलों. तास संपावयास पांच मिनिटें उरलीं होतीं हें एक निमित्त. खरें कारण निराळें होतें.

१९३५ च्या ऑगस्टांत रॅम्से यांची नेमणूक होम फ्लीटचे सेनापति ॲडमिरल सर रॉजर बॅकहाउस यांचे चीफ ऑफ स्टाफ म्हणून झाली. दोघे जुने स्नेही. बॅकहाउस प्रामाणिक व अतिशय कष्टाळू. परंतु लहानमोठें प्रत्येक काम स्वतःच्या हातून गेल्यावांचून त्यांस चैन पडत नसे. हाताखालच्या अधिकाऱ्यास मान होता, पगार होता, काम मात्र उरलें नव्हतें. डिसेंबरांत रॅम्से यांनीं आपणांस ह्या जागेवरून मुक्त करावें अशी विनंति केली. आरमारांत असें पाऊल म्हणजे पुढची वाट आपल्या हातानें बंद करणें होय. १९३८ च्या ऑक्टोबरांत त्यांचें नांव निवृत्तांच्या यादींत गेलें. त्यांनीं लग्न उशिरां, १९२९ सालीं केलेलें. घरीं दोन लहान मुलगे, आणि स्वतःचें वय पंचावन्न.

ह्या पानाशीं आम्हांस थोडें अधिक थांबावेंसें वाटतें, कारण आम्हीही एकदां चालती नोकरी सोडून दीड वर्ष घरीं बसलों होतों. तेथें खडूच्या पेटीची मागणीही वरिष्ठांच्या सहीवांचून पुढें सरकत नसे. आमचें भांडण तत्त्वाचें होतें, असें आम्ही सर्वांस सांगत असूं. त्यांत आमच्या तापट स्वभावाचा भाग किती होता, हें आम्हांस आजही निश्चित सांगतां येत नाहीं. पहिले दोन महिने लोक पाठ थोपटतात, पुढें रस्त्यांत गांठून "सध्यां कोठें असतां?" असें विचारूं लागतात. आमच्या तीर्थरूपांनीं मात्र एका शब्दानें विचारिलें नाहीं. सकाळीं वर्तमानपत्र प्रथम आमच्यापुढें ठेवीत, तें 'पाहिजेत'च्या जाहिरातींचें पान वर करून.

युद्ध तोंडावर आलें तेव्हां, ऑगस्ट १९३९ मध्यें, रॅम्से यांस परत बोलावून डोव्हरचें आधिपत्य दिलें. तें पाणी त्यांस पहिल्या युद्धापासून ठाऊक होतें. बॅकहाउस पुढें आरमाराचे सर्वोच्च अधिकारी झाले होते; पण त्याच सालच्या जुलईंत ते निवर्तले, म्हणून आपल्या मित्राची पुढची कामगिरी पाहावयास ते राहिले नाहींत.

ता. २६ मे १९४० रोजीं सायंकाळीं डंकर्कभोंवतीं कोंडलेली फौज समुद्रमार्गें परत आणण्याचा हुकूम सुटला. दोन दिवसांत ४५,००० माणसें आलीं तरी पुष्कळ, असा लंडनचा अंदाज होता. ४ जूनपर्यंत ३,३८,२२६ आलीं, त्यांत फ्रेंच सैनिकच लाखाच्या वर. हें काम डोव्हरच्या किल्ल्याखालीं, पांढऱ्या कड्यांत खोदलेल्या भुयारांतून चाललें. जवळचा मार्ग ३९ सागरी मैलांचा, परंतु तो जर्मन तोफांच्या माऱ्याखालीं आला; तेव्हां जहाजें ८७ मैलांच्या वळशानें धाडावीं लागलीं, आणि मग ५५ मैलांचा तिसरा मार्ग काढला. लोकांच्या स्मरणांत लहान होड्या राहिल्या. पण दोनतृतीयांशांहून अधिक माणसें चढलीं तीं बंदरांतून.

त्यांतही एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. किनारा उथळ, मोठें जहाज जवळ येईना. बंदराच्या पूर्वेस लाटा अडविण्याकरितां बांधलेला, जहाज लावण्यास मुळींच न योजिलेला एक लांब व अरुंद बांध होता. ता. २७ च्या रात्रीं तेथील आरमारी अधिकारी कॅप्टन विल्यम टेनंट यांनीं 'क्वीन ऑफ द चॅनेल' ही बोट त्यास लावून पाहिली. लागली. हा निर्णय डोव्हरच्या भुयारांत बसून कोणासही घेतां आला नसता, आणि रॅम्से यांनीं तसा हट्टही धरला नाहीं. १९३५ सालीं त्यांनीं वरिष्ठाकडे जें मागितलें, तें १९४० सालीं हाताखालच्यांस दिलें.

डंकर्कच्या त्या फौजेंत आपल्याकडील लोकही होते: डिसेंबर १९३९ मध्यें खेंचरांसह मुंबईच्या बंदरांतून निघालेल्या हिंदी सैन्याच्या वाहतूक-तुकड्या. पुष्कळ माणसें सुटलीं, एक तुकडी शत्रूच्या हातीं सांपडली. खेंचरें फ्रान्समध्येंच राहिलीं.

पुढें १९४३ सालीं सिसिलीवरील स्वारी, आणि ६ जून १९४४ रोजीं सुमारें सात हजार जहाजांनिशीं नॉर्मंडीवर उतरण्याची सारी आरमारी योजना रॅम्से यांच्याकडे होती. त्याच सालच्या एप्रिलांत त्यांचें नांव चालू नोकरींतील अधिकाऱ्यांच्या यादींत परत आलें. म्हणजे डंकर्कच्या वेळीं ते कागदोपत्रीं निवृत्तच! येथें एक गंमत सांगितली पाहिजे. नॉर्मंडीच्या लेखी हुकुमांचा ग्रंथ शेंकडों पृष्ठांचा झाला, आणि अमेरिकन सेनानींनीं तक्रार केली कीं, इतकें बारीकसारीक आम्हांस लिहून कशाला देतां? बॅकहाउस हयात असते तर ते गालांत हंसले असते, असें आमच्या मनांत येतें.

ता. २ जानेवारी १९४५ रोजीं ब्रसेल्सला जाण्यासाठीं पॅरिसनजीक विमान उडालें तें लगेच कोसळलें. त्यांतच रॅम्से यांचा अंत झाला. युरोपांतील युद्ध संपावयास चार महिने उरले होते.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं फळ्यावर १९३५ आणि १९४० यांच्यामध्यें एक ओळ घातली आणि वरील हकीकत वर्गास सांगितली. ओघांत आमच्या दीड वर्षाचाही उल्लेख येऊन गेला. मागच्या बांकावरचा तोच विद्यार्थी उठला. "सर, तुम्हांस परत कोणीं बोलाविलें?"

आम्ही म्हणालों, "कोणींही नाहीं. जाहिरात वाचून अर्ज केला, तो ह्या शाळेंत."