एका वाटीला पाणी किती?

वाटीभर दह्यात चार वाट्या पाणी घातलं तर ताक किती होतं? पाच वाट्या. यात काय विशेष, म्हणाल. पण याच हिशेबात मी चुकले, आणि ते आमच्या सासूबाईंना भोवलं.

२०२० सालची गोष्ट. कोरोनाचे दिवस, त्यात मामंजी आजारी. फरशी, दाराच्या कड्या पुसायला एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट वापरा, असं सांगितलेलं. बाटलीवर होतं ५ टक्के. पाचाचा एक करायचा ना, मग एक वाटी औषध नि पाच वाट्या पाणी, असं मी ठरवलं. बारावीतला मुलगा हसला. म्हणाला, "आई, त्या सहा वाट्या झाल्या. औषध एकच वाटी, पाणी तेवढं वाढलं." खरंच की! एकूण पाच वाट्या व्हायला पाणी चारच हवं. दही तेवढंच, ताक वाढतं, तसंच हे.

इथवर बिघडलं नव्हतं. ती बाटली संपली तेव्हा दुकानात मिळेना. यांनी दोन-चार दुकानं पालथी घालून दुसरी आणली. मी आपलं सवयीनं एकास चार केलं. लेबल? छे, कोण बघतंय! दारं-खिडक्या बंद करून सगळ्या खोल्या पुसल्या. संध्याकाळी बोटं झोंबायला लागली, आणि रात्री सासूबाईंना खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. मूळचा दमा त्यांना. गच्चीत नेऊन बसवलं, त्यांचा नेहमीचा पंप दिला. पहाटे कुठं श्वास लागायचा थांबला. सकाळी चष्मा लावून बाटली पाहिली, तर १० टक्के! म्हणजे मी दुप्पट कडक पाणी वापरत होते.

तेव्हापासून अंदाज फक्त भाजीच्या मिठापुरता. हवे ते टक्के गुणिले हवं तेवढं तयार पाणी, त्याला भागिले बाटलीवरचे टक्के, की औषध किती ते निघतं. पाच लिटर एक टक्क्याचं हवं आणि बाटली १० टक्क्यांची, तर औषध अर्धा लिटर, पाणी साडेचार. बाटली ४ टक्क्यांची असली तर औषध सव्वा लिटर, पाणी पावणेचार. तयार पाणी उद्यावर ठेवू नये, उन्हानं-उकाड्यानं त्याचा जोर जातो. आणि संडास धुवायचं ॲसिड याच्यात चुकूनही मिसळू नका हं, त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तो छातीत बसतो.

आता बाटली आणली की तिच्यावर मी जाड पेनानं टक्के लिहिते. आणि बादली भरताना सासूबाई आतून विचारतातच, "आज कितीचं गं? खिडकी उघडलीस का?"