न ऐकलेला आवाज

कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे उतरताना आमच्या छोट्या गाडीचे ब्रेक किंचाळू लागले. आम्ही काच वर केली. मागे आई झोपली होती. पुढे पायाखाली पेडल थरथरू लागले, तेव्हा कुठे दुसरा गिअर टाकून इंजिनाच्या ओढीवर गाडी उतरवली.

चिपळूणच्या मिस्त्रींनी पॅड काढून दाखवले. त्यातली पत्री मुद्दाम बसवलेली असते; अस्तर झिजत आले, की ती डिस्कला घासून ओरडते. थरथर होती डिस्कची जाडी असमान झाल्याची.

संहितेतल्या मौनाचे अर्थ लावायला आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. इतके स्पष्ट उच्चारलेले विधान मात्र काच लावून टाळले, तेही आई मागे असताना. डिस्क, पॅड बदलून परतताना काचा उघड्या ठेवल्या.