योगासनांचा पहिला वर्ग : घाई नको



२१ जून जवळ आला की शाळाशाळांत योग दिनाची तयारी सुरू होते. तीन वर्षांपूर्वी मीही मुलांसमोर चटई टाकून बसले. वय ४७, सराव शून्य! पश्चिमोत्तानासनात पुढच्या रांगेतल्या मुलीचं कपाळ अलगद गुडघ्यांना टेकलं आणि मला राहवलं नाही. झटक्यात वाकले. कमरेत अशी उसण भरली की पुढचे पंधरा दिवस फळ्यावर लिहितानाही भिंतीचा आधार घ्यावा लागला.

दुखणं थांबल्यावर डॉक्टरांना विचारून मी रीतसर वर्ग लावला. पहिल्या दिवशी योगशिक्षिकेने आसन शिकवण्याआधी विचारलं, "बीपी आहे का? मणक्याचा त्रास? एखादं ऑपरेशन?" मग पुढे वाकताना गुडघे थोडे सैल सोडायला लावले आणि तळपायांना पट्टा अडकवून तो हातात दिला. पट्टा, विटा, खुर्ची यांचा असा आधार पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी जगभर नेला. आधार घेणं म्हणजे कमीपणा नव्हे, हे मला तिथे कळलं.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर एवढं सांभाळा :

१. पोट रिकामं हवं. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या.
२. बीपी, काचबिंदू, मणक्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, योगशिक्षकांनाही सांगा.
३. शीर्षासन, सर्वांगासन व्हिडिओ बघून करू नका.
४. हलका ताण चालेल. कळ, मुंग्या किंवा चक्कर आली तर सावकाश थांबा.
५. श्वास कोंडू नका. तो अडकला तर जास्त झालं असं समजा.
६. शेवटचं शवासन चुकवू नका.

यंदाच्या योग दिनी एक मुलगा वाकता येत नाही म्हणून मागे लपत होता. पूर्वी मी "अजून वाक, अजून!" म्हणून त्याच्यामागे लागले असते. या वेळी माझी ओढणी त्याच्या तळपायांना अडकवून दिली.

"बाई, तुमचेही हात पोचत नाहीत?"

"नाही रे, माझेही इथवरच येतात."

तो हसला आणि चटई ओढून माझ्या शेजारी बसला.

मुलं आपलं बघून शिकतात. आपण शरीराशी जबरदस्ती केली तर तीही तेच करतील. म्हणून सुरुवात जरूर करा, पण आपल्या अंगाला झेपेल तेवढीच!