विटकरी रंगाची भीती

खडवलीच्या आमच्या घरी, 1990च्या सुमारास, मोरीजवळच्या फळीवर तीन वस्तू असायच्या: परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली. सकाळी माझे वडील, अण्णा, पाच मिली द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून नळी चिमट्यात धरून उकळायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा करत विटकरी झाला की आई त्या दिवशी त्यांना भात वाढत नसे. निळा दिसला की अण्णा खांद्यावर पंचा टाकून भातसा नदीवर पोहायला निघायचे आणि मी त्यांच्या मागे.

त्या नळीला साखर कळायची. मूत्रपिंड बिघडलं की लघवीतून झिरपणारं, तिला फेस आणणारं अल्ब्युमिन हे प्रथिन कळत नव्हतं. "हल्ली फेस फार येतो," असं अण्णा म्हणायचे, ते कुणी मनावर घेतलं नाही. मग पाय सुजले. नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मधुमेहात मूत्रपिंडाला जपणारं औषध म्हणून कॅप्टोप्रिल 1993मध्ये सिद्ध झालं, लोसार्टन 2001मध्ये. अण्णांच्या वाट्याला आलं ते एवढंच: साखर सांभाळा, मीठ तोडा. पुढे कसाऱ्याहून येणारी लोकल पकडून डायलिसिसच्या खेपा.

आता मधुमेह मला आहे. दरवर्षी मी लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घेतो आणि रोज डॅपाग्लिफ्लोझिनची गोळी घेतो. मूत्रपिंडात गाळली गेलेली साखर परत रक्तात ओढून घेणारं एसजीएलटी-2 नावाचं प्रथिन ही गोळी अडवते. साखर लघवीवाटे निघून जाते, गाळणीवरचा दाब उतरतो. चार हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत 2020मध्ये तिचा गुण दिसला. म्हणजे अण्णांच्या नळीत आज माझी लघवी उकळली तर रोज विटकरी रंग येईल, आणि तो औषध काम करतंय याची खूण असेल! आई असती तर तिला हे पटवताना माझी पुरेवाट झाली असती.

उपचारांच्या वाटा वाढतच आहेत. फिनेरेनोन हे औषध अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा मूत्रपिंडावरचा मारा थोपवतं. मूत्रपिंडाला सेमाग्लुटाइडचा फायदा 2024मध्ये दिसला. अल्डोस्टेरॉन तयारच होऊ न देणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत. माझ्या गोळीच्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट मार्च 2025मध्ये संपलं आणि ती गोळी आपल्याकडे कितीतरी स्वस्त झाली.

भातसेच्या काठी गेलो की अण्णांचा ओला पंचा आठवतो. निळ्या रंगावर विसंबून ते किती निर्धास्त पाण्यात उतरायचे! ते सांगत होते त्या फेसाकडे तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं. तुमच्या घरी कुणी तसं म्हणालं, तर त्याच आठवड्यात तपासणी करून घ्या.