खोकल्याविना क्षय

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो. 2023 सालच्या नोव्हेंबरात अशाच एका घरी आमच्या हातून अपराध घडला.

घरची सून तिशीच्या आतबाहेरची. वर्षभर तिची पाठ दुखत होती. भाताची लावणी, भाजीची टोपली, कडेवरचे मूल. पाठ दुखेल नाही तर काय, असे सर्वांनीच म्हटले, आणि आम्हीही. खोकला नाही, थुंकीत रक्त नाही. मग क्षयाची शंका यावी कशी? अखेर जूनमध्ये एमआरआय तपासणीत मणका पोखरलेला दिसला. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने 1779 साली वर्णिलेली ही व्याधी. मानेतल्या गाठींना आपल्याकडे गंडमाळा म्हणत. त्याही बहुधा क्षयाच्याच. आतडी, मूत्रपिंड, मेंदूचे आवरण, या रोगाला काहीच वर्ज्य नाही. ज्या बाळ येशूच्या संत तेरेजाच्या तसबिरीपुढे आपण गुलाब वाहतो, तिच्या आतड्यांतही 1897 साली, अखेरच्या दिवसांत, तो उतरला होता.

औषधे सुरू होऊन पाच महिने लोटले तरी वेदना वाढतच गेल्या. क्षय नेहमीच्या औषधांना जुमानत नाही, असे निदान झाले. ते ऐकून आम्ही तिच्या अंथरुणाशी उभे राहून दटावले, "गोळ्या चुकवल्यास ना, बाय?" ती काही बोलली नाही. सासूबाईंनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून आमच्या हाती दिली. जूनपासून प्रत्येक तारखेवर पेन्सिलीची फुली होती. एकही दिवस सुटला नव्हता.

डॉक्टरांनी पुढे आमचे अज्ञान दूर केले. फुफ्फुसाच्या क्षयात थुंकी तपासता येते. मणक्यातला पू काढायचा तर सुई खोल घालावी लागते, आणि त्यात जंतूही थोडेच. म्हणून पुष्कळदा छायाचित्र पाहूनच उपचार सुरू होतात. तिच्याबाबत तसेच झाले होते. पुढे पू सीबीनाट यंत्रात तपासला, तेव्हा दोन तासांत कळले की रिफाम्पिसिन तिला लागू पडणार नाही. असे निगरगट्ट जंतू गोळ्या चुकवल्यानेच तयार होतात असे नाही. कुणा अनोळखी माणसाच्या खोकल्यातून, लोकलच्या गर्दीत, ते आयतेही अंगी येतात. तिची फुफ्फुसे निरोगी होती, तेव्हा तिच्यापासून इतरांना लागण होण्याची भीती नव्हती. तरी शेजारणींनी त्या घरचा चहा सोडला होता.

2024 साली सहा महिन्यांचा नवा उपचारक्रम आपल्या देशाने स्वीकारला. परंतु हाडांच्या आणि मेंदूच्या क्षयाला तो लागू नाही. तिच्या वाट्याला अठरा महिने आले.

पंचवीस वर्षे इतरांची पापे ऐकणाऱ्यास स्वतः क्षमा मागणे किती जड जाते, हे डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी आम्हांस उमगले. शब्द जुळवून आणले होते, निम्मे विसरलो. तिने ऐकून घेतले.

"फादर," ती म्हणाली, "चर्चमध्ये 2024ची दिनदर्शिका आली का?"