पंच क्रमांक दोन

गेल्या महिन्यात अमेरिकेतून भाचीचा फोन आला. ती तिथेच जन्मली, तिथलीच नागरिक, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या नावाने ज्यूरीचं बोलावणं आलं होतं आणि त्याच आठवड्यात तिचा पेपर होता. तारीख पुढची मागता येते, हे तिला ठाऊक होतं. तिला विचारायचं होतं ते वेगळंच. ‘‘मामा, ज्याला मी आयुष्यात पाहिलं नाही, त्याच्यासाठी मी अभ्यास सोडून बसायचं. तुमच्याकडे असं कुणी करतं का?’’

आपल्याकडे आता ज्यूरी नाही, असं सांगून मी फोन ठेवू शकलो असतो. पण मला पौषातला तो दिवस आठवला.

मी मूळचा हिवरा आश्रमचा. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमावरूनच गावाला हे नाव मिळालं. बी.एस्सी.साठी मी बाहेरगावी राहत होतो, पण पौष वद्य सप्तमीला, विवेकानंद जयंतीला, गावी यायचंच असा घरचा शिरस्ता. त्या निमित्ताने होणाऱ्या महापंगतीचा पसारा पाहिल्याशिवाय कळत नाही. मोकळ्या रानात नजर पोचेल तिथवर माणसांच्या रांगा, आणि त्यांच्यामधून पुऱ्या नि वांग्याची भाजी घेऊन हळूहळू सरकणारे ट्रॅक्टर. आम्ही पोरं ट्रॉलीमागे धावत वाढायचो. रात्री झोपताना दंड भरून आलेले असायचे आणि मन भरलेलं असायचं.

त्या वर्षी दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मित्र कढया घासून परत निघालो होतो. फाट्यावर पोलिसांची जीप थांबली. जमादारांनी विचारलं, शिकता का? हो म्हटलं. ‘‘मग चला, पंच पाहिजेत.’’ नखांत अजून भाजीची हळद होती. नाही म्हणायचं सुचलंच नाही, आणि खरं सांगायचं तर पंच हा शब्द ऐकून छाती थोडी फुगलीच.

गावातल्या एका काकांच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांना यातलं दुःख कळायचं नाही. ऐन गव्हाच्या पाण्याच्या वेळी मोटार गेली की पीक डोळ्यांसमोर वाळतं. संशयित म्हणून पकडलेला मुलगा माझ्याच वयाचा होता. त्याने आमच्यासमोर सांगितलं की मोटार लपवली आहे, काढून देतो. तो पुढे, आम्ही मागे. एका शेतातल्या कडब्याच्या गंजीजवळ तो थांबला, खालच्या पेंढ्या ओढल्या आणि गोणपाटात बांधलेली मोटार निघाली. जमादार बांधावर बसून पंचनामा लिहीत राहिले. मोटारीला चिठ्ठी बांधली, त्यावर आमच्या सह्या घेतल्या, मेणबत्तीवर लाख वितळवून मोहर उठवली. मावळतीला आलेलं ऊन, कडब्याचा आणि लाखेचा वास, आणि त्या मुलाच्या पायात चप्पल नव्हती, एवढं आजही स्पष्ट आहे. शेवटच्या पानावर मी सही केली. पंच क्रमांक दोन.

त्या सहीचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. पोलिस कोठडीतल्या आरोपीचं बोलणं एरवी त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही. पण त्याने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी जोडलेलं तेवढं बोलणं न्यायालय ऐकतं. म्हणून तर त्या वेळी पोलिसांखेरीज आणखी दोन डोळे लागतात. आपल्या देशाने ज्यूरी नाकारली, पण गल्लीतल्या, शिवारातल्या साध्या माणसाची नजर त्याला अजून लागतेच.

ज्यूरीचा इतिहास आपल्याला जवळचा आहे. १९०८ साली मुंबईत टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा नऊ जणांच्या ज्यूरीतले सात जण दोषी म्हणाले आणि दोघे निर्दोष. ते सातही जण युरोपियन होते. सहा वर्षांची शिक्षा त्या सातांच्या बळावर झाली. पुढे १९५९ साली नौदल अधिकारी कावस नानावटींना खुनाच्या खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. हा देशातला अखेरचा ज्यूरी खटला म्हणून सांगतात. तसा तो अखेरचा नव्हता, पण ज्यूरीवरचा विश्वास त्याने उडाला हे खरं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. जातीपातीने आणि ओळखीपाळखीने बांधलेल्या आपल्या समाजात ती परत यावी, असं मला वाटत नाही. पण ज्यूरीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, याची हळहळ वाटते. न्यायाचं काम आपल्याही दिवसातला काही वेळ मागू शकतं, ही जाणीवच आपल्या घरांतून गेली. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हेच आपण मुलांना शिकवतो. शिकवणाऱ्यांचंही काही चुकत नाही, पायरी चढलेल्यांचे हाल त्यांनी पाहिलेले असतात.

माझ्या नावाचं समन्स दोन वर्षांनी आलं. मी शेवटच्या वर्षाला होतो. पहिल्या तारखेला आरोपीचे वकील आजारी. दुसरी तारीख चाचणी परीक्षेच्या दिवशी आली. मी कॉलेजात समन्स दाखवलं, तर उत्तर मिळालं की खेळाडूंची आणि शिबिराला गेलेल्यांची सोय आहे, कोर्टाची नाही. पंचाहत्तर टक्के हजेरीच्या हिशोबात त्या दिवसासाठी रकाना नव्हता. चाचणी बुडाली, ती पुन्हा झाली नाही. त्या तारखेलाही माझा पुकारा झालाच नाही.

तिसरी तारीख प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशीची. मी घरी फोन करून वडलांना म्हटलं, आजारी असल्याचं कळवून टाकतो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘सही करताना तुहा हात कोनी धरला व्हता का?’’

मी गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर रसायनशास्त्राची वही उघडून बसलो. समोर भिंतीला टेकून त्या मुलाची आई बसली होती. वहीतलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. दुपारी तीनला पुकारा झाला.

सरतपासणी सोपी गेली. मोटार ओळखली, सही ओळखली. मग सरकारी वकिलांनी विचारलं की मोटारीवरचा नंबर पंचांनी स्वतः वाचून खात्री केली का. पंचनाम्यात तसं लिहिलेलं होतं. माझ्याच सहीच्या वर लिहिलेलं होतं. आणि मी नंबर वाचला नव्हता. उजेड कमी झाला होता, पट्टीवर ग्रीस होतं, जमादारांनी नंबर मोठ्याने सांगितला तेवढा मी ऐकला. हो म्हणालो असतो तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मोटार काकांचीच होती, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. पण मला काय वाटतं हे कुणी विचारलंच नव्हतं, मी काय पाहिलं ते विचारलं होतं. मी सांगितलं, नंबर मी वाचला नाही.

उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी ते धागे ओढले. पंचनामा आधीच लिहून तयार होता, तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून नुसती सही केली, मोटार तुमच्यासमोर निघालीच नाही. प्रत्येकाला मी म्हणत गेलो, हे म्हणणं खरं नाही. मोटार त्यानेच गंजीखालून काढली, मी पाहिलं. चाळीस मिनिटांत दोन्ही बाजूंना मी नकोसा झालो होतो. जबाब वाचून दाखवला गेला, मी सही केली. या वेळी आधी प्रत्येक ओळ वाचली.

तो मुलगा संशयाचा फायदा मिळून सुटला. खटल्यात दुसऱ्याही उणिवा होत्या, असं मागाहून कळलं, पण काकांच्या लेखी एकच उणीव होती. त्यांनी वडलांशी बोलणं टाकलं. बांधाला बांध लागून असलेली शेतं, तरी वाटेवर भेटले की मान वळवायचे. वडील मला त्याबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत, याचं ओझं मला जास्त वाटायचं.

आता १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्याने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालं आहे. पंच मात्र अजूनही लागतातच. कॅमेऱ्यात ती मोटारीवरची पट्टी दिसली असती कदाचित. पण ‘आपण वाचलं का?’ या प्रश्नाला उत्तर माणसानेच द्यायचं असतं. कॉलेजांनी कोर्टातल्या साक्षीसाठी हजेरीपटात एक रकाना ठेवला, तर बिघडणार काही नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाला कायद्याच्या तासापेक्षा जास्त त्या व्हरांड्यात कळतं.

भाचीला मी यातलं बरंचसं सांगितलं. तिने विचारलं, ‘‘मग ते काका?’’

निकालानंतरच्या पौषात मी पुन्हा पंगतीत वाढायला होतो. पुऱ्यांची पाटी घेऊन रांगेने चाललो होतो, आणि अर्ध्यावर समोर काकाच बसलेले. मी थबकलो. मागून पोरं ‘चला, चला’ करत होती. मी वाकून पुऱ्या वाढल्या. त्यांनी वर पाहिलं नाही, हातही आडवा धरला नाही. मी पुढे सरकलो तेव्हा मागून आवाज आला, ‘‘अजून एक टाक. आन् भाजीवाल्याले इकडे धाड.’’