कुलूपबंद कपाट

चौथीत असताना मला चष्मा लागला. घरात ही बातमी एखादा गुन्हा उघडकीस यावा तशी आली आणि आरोपी शोधायला फार वेळ लागला नाही. वाईच्या आमच्या घरी माजघरात पुस्तकांचे एक जुने कपाट होते. 'वाचून वाचून डोळे घालवले पोरीने,' असा निकाल आजीने दिला आणि अप्पांनी कपाटाला कुलूप घातले.

अप्पांनी आणखी दोन बंदोबस्त केले. चष्मा महागाचा, खेळताना फुटेल, म्हणून शाळा सुटल्यावर घाटावर खेळायला जाणे बंद झाले. शिवाय चष्मेवाल्याला त्यांनी विनंती केली, की नंबर थोडा कमीच द्या, नाहीतर डोळ्यांना सवय लागेल. त्याने ती मान्य केली. नंबर उणे दोन होता, चष्मा दीडचा मिळाला. फळ्यावरची अक्षरे पूर्वीपेक्षा बरी दिसत, पण एसटीची पाटी गाडी समोर येऊन उभी राहीपर्यंत वाचता येत नसे. दर वर्षी नंबर वाढत गेला. दहावीला तो उणे सहा होता, आज नऊ आहे.

पुढे मी मराठीची प्राध्यापक झाले. त्या नंबराचे मला वैषम्य वाटेनासे झाले. उलट एक छुपा अभिमानच वाटू लागला. जाड भिंगे म्हणजे वाचनासाठी मोजलेली किंमत, असे मी विद्यार्थ्यांना हसत हसत सांगतही असे. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी उजव्या डोळ्यासमोर विजेसारख्या रेषा चमकू लागल्या आणि काळे ठिपके तरंगू लागले, तेव्हा तो अभिमान संपला. दृष्टिपटलाला चीर गेली होती. लेझरने ती वेळीच सांधली गेली. डॉक्टर म्हणाले, "तुमचा डोळा लांब आहे, त्यामुळे पडदा ताणला जाऊन पातळ होतो." नंबर ही केवळ काचेची बाब नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

गेल्या वर्षी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला चष्मा लागला, उणे सव्वाचा. त्या रात्री मी नकळत तिच्या उशाजवळचे पुस्तक उचलून वर ठेवले आणि दचकले. हा हात माझा नव्हता, अप्पांचा होता. मग मी या विषयावरचे जे मिळेल ते वाचायला घेतले.

लघुदृष्टीत नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांब वाढतो. दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. अंतर्गोल भिंग तिला मागे ढकलून जागेवर आणते, हे केप्लरने १६०४ मध्येच उलगडून दाखवले होते. पण डोळा लांब का होतो? १९७७ साली वीझेल आणि राव्हिओला यांनी माकडांच्या पिल्लांच्या पापण्या शिवून ठेवल्यावर त्यांचे डोळे लांब वाढल्याचे नोंदवले. डोळ्याची वाढ आनुवंशिकतेवर अवलंबून असते, तशी त्याला काय दिसते यावरही असते, हे त्यातून दिसले.

मला खरा धक्का दिला तो २००८ सालच्या एका अभ्यासाने. त्यात सिडनी आणि सिंगापूर येथील चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना होती. सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना लघुदृष्टी होती, सिडनीत केवळ ३.३ टक्के. सिडनीची मुले पुस्तके कमी वाचत होती काय? नाही, ती जास्तच वाचत होती. ठळक फरक होता तो उजेडाचा. ती आठवड्याला सुमारे पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची सुमारे तीन तास. भरपूर उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन अधिक स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबीला आवर घालते, असा तर्क आहे. पुढे ग्वांगझूमधील शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवून पाहिला गेला. तीन वर्षांत तेथे ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली. ज्या शाळांत असा तास नव्हता, तेथे ३९.५ टक्के मुलांना. वाचन यातून पूर्ण निर्दोष सुटत नाही. सतत जवळून पाहणे आणि वाढते शिक्षण यांचा लघुदृष्टीशी संबंध आहेच. आईवडिलांना चष्मा असेल तर मुलांचा धोकाही वाढतो. पण पुस्तक एकटे गुन्हेगार नव्हते. बंद दाराची त्याला साथ होती.

आणि कमी नंबर? २००२ साली मलेशियातील एका चाचणीत, मुद्दाम कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण नंबर दिलेल्यांपेक्षा जास्त वेगाने वाढला. म्हणजे अप्पांच्या तीन उपायांपैकी दोन उलटे होते, आणि तिसऱ्याने शिक्षा झाली ती पुस्तकांना.

मुलीला पूर्ण नंबराचा चष्मा दिला आहे. रोज रात्री ॲट्रोपीनचा सौम्य थेंब घालतो. हाँगकाँगच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तपासलेल्या तीन प्रमाणांपैकी ०.०५ टक्क्यांचा परिणाम सर्वाधिक दिसला होता. नंबर जात नाही, वाढ मंदावते. शिवाय डॉक्टरांनी रोज दोन तास बाहेर घालवायला सांगितले आहेत. चष्मा लागण्याआधी उजेडाचा उपयोग जास्त, नंतर कमी, हेही त्यांनी लपवले नाही.

हे सारे मी अप्पांना सांगितले. शहात्तराव्या वर्षी ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेव्हा कुणी सांगितले असते तर..." मी म्हणाले, "अप्पा, तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हते." हे खरेच होते. त्यांनी कुलूप लावले तेव्हा यांतला एकही मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झालेला नव्हता. माझ्या उजव्या डोळ्याचा हिशेब त्यांच्या नावावर मांडणे अन्यायाचे होईल. पण तो मनात कधी मांडलाच नाही, असे म्हणणेही खोटे ठरेल.

आता सुटीत वाईला गेलो की तेच नातीला घाटावर घेऊन जातात. ती सोबत पुस्तक नेते, तेही ते नेऊ देतात. वर्षभरात तिचा नंबर पावानेच वाढला. हे थेंबामुळे की उजेडामुळे, की नुसत्या नशिबाने, हे एका मुलीवरून सांगता येत नाही. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे. आमच्या घरातल्या कपाटाला कुलूप नाही.